युद्धाच्या भाषणातला 'आपण' म्हणजे नेमकं कोण?

१२ मे २०२५. रात्रीचे आठ. ऑपरेशन सिंदूर सुरू होऊन पाच दिवस झाले होते, गोळीबार थांबून दोन. पंतप्रधान बोलणार म्हणून सोलापूरच्या नव्या पेठेत दुकानांतले टीव्ही रस्त्याकडे तोंड करून ठेवले होते आणि गिऱ्हाईक, दुकानदार, रिक्षावाले सगळे एकाच ठिकाणी थांबले होते. भाषणात एक वाक्य आलं. त्याचा अर्थ असा: दहशत आणि बोलणी एकत्र होऊ शकत नाहीत, दहशत आणि व्यापार एकत्र चालू शकत नाहीत, पाणी आणि रक्तही एकत्र वाहू शकत नाही.

माझ्याकडे वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीला मुलं येतात. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाने ते वाक्य मूळ हिंदीत जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि विचारलं, "सर, बाकीचं भाषण विसरलो, हे एवढंच का राहिलं? आणि ते ऐकताना शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस एकदम घरचा का वाटला?"

दोन्ही प्रश्न चांगले आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. सरकारचं धोरण बरोबर की चूक, हा इथला विषय नाही. कुठल्याही देशाचा, कुठल्याही पक्षाचा नेता युद्धाच्या वेळी बोलायला उभा राहिला की त्याच्या हातात जवळपास तीच हत्यारं असतात. ती कशी चालतात, एवढंच पाहू.

भीती प्रत्येकाची वेगळी असते

युद्ध सुरू झालं की सगळा देश घाबरतो असं आपण म्हणतो, पण तसं होत नाही. ज्याचा मुलगा फौजेत आहे तो मुलासाठी घाबरतो. चादर-टॉवेलचा कारखानदार निर्यातीची ऑर्डर अडकेल म्हणून घाबरतो, मागावरचा कामगार पाळी बंद पडेल म्हणून. कुणी पेट्रोल भरून ठेवतो, कुणी डाळ-तांदूळ. भीती एकाच वेळची असली तरी प्रत्येक जण तिच्यात एकटा असतो, आणि एकटा माणूस अफवेला लवकर बळी पडतो. मोबाइलवर आलेला कुठलाही व्हिडिओ त्याला खरा वाटतो.

नेत्याला या हजार भीतींची एक चिंता करून दाखवायची असते. चिंता एक झाली की तिच्यावर मिळून काहीतरी करता येतं.

बोलून माणसाचं मन वळवण्याची जी रीत, तिला वक्तृत्वशास्त्र म्हणतात. त्यावर खूप जुना आणि अजून कामाला येणारा विचार ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटलचा आहे. ऐकणारा तीन गोष्टींनी वळतो, असं तो सांगतो: बोलणाऱ्याची पत, मुद्द्याचं बळ आणि ऐकणाऱ्याच्या मनातली भावना. युद्धाच्या भाषणात लोकांना फक्त तिसरी गोष्ट दिसते, कारण ती कानावर आदळते. पहिल्या दोन नसतील तर तिसरी फार वेळ टिकत नाही.

चर्चिलचं भाषण: सगळ्यांना शेवट माहीत आहे, सुरुवात कुणालाच नाही

या विषयावर बोलताना दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटनचा पंतप्रधान विन्स्टन चर्चिल याला टाळता येत नाही. त्याच्याबद्दल आपल्या मनात जो राग आहे त्याच्याकडे मी पुढे येणार आहे, कारण तो रागही या विषयाचाच भाग आहे.

४ जून १९४०. फ्रान्स कोसळत होता. डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेले सुमारे ३ लाख ३८ हजार सैनिक जहाजांनी आणि होड्यांनी इंग्लंडला परत आणले गेले होते. इंग्लंडमध्ये लोक सुटकेच्या आनंदात होते. त्या दिवशी चर्चिल पार्लमेंटमध्ये बोलला आणि शेवटी ते जगप्रसिद्ध वाक्य आलं: आपण किनाऱ्यांवर लढू, विमानं उतरतील त्या मैदानांवर लढू, शेतांत आणि रस्त्यांवर लढू, डोंगरांत लढू, आपण कधीही शरण जाणार नाही.

मुलांना मी हे वाक्य देतो तेव्हा ती आवाज चढवून म्हणतात. मग मी त्यांना जागांचा क्रम बघायला सांगतो. आधी किनारा, मग विमानं उतरण्याची मैदानं, मग शेतं, मग रस्ते, मग डोंगर. हा क्रम शत्रू आत आत येत जाण्याचा आहे. सोलापूरवर हैदराबादच्या बाजूने कुणी चाल करून आलं आणि पुढारी म्हणाला, "आपण बोरामणीला लढू, मार्केट यार्डात लढू, विजापूर वेशीत लढू, किल्ल्याच्या तटावर लढू," तर ऐकणाऱ्याला काय कळेल? बोरामणी हातची जाऊ शकते. मार्केट यार्डही जाऊ शकतं. वीरश्रीच्या त्या वाक्यात पराभवाची बातमी अगोदरच सांगितलेली आहे.

विसरलेली सुरुवात तर याहून कडू आहे. त्याच भाषणात चर्चिलने फ्रान्स आणि बेल्जियममध्ये जे घडलं त्याला प्रचंड लष्करी संकट म्हटलं. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून तीस हजारांवर माणसं गेली, जवळपास एक हजार तोफा गेल्या, हा हिशेब त्याने मांडला. माघार घेऊन युद्धं जिंकता येत नाहीत, हेही बजावलं. बहुतेक भाषण असं जमाखर्चासारखं कोरडं आहे. पण लोकांना नुकसान आधीच अंधुक दिसत असतं. जो माणूस तेच नुकसान तोंडावर सांगतो, त्याच्या आशेच्या वाक्यावरही विश्वास बसतो. वाईट बातमी स्वतःच्या तोंडाने सांगणारा नेता आपली पत वाढवत असतो. स्पर्धेत मुलं पहिल्या मिनिटापासून गर्जना सुरू करतात तेव्हा मला हेच सांगावंसं वाटतं.

तेच शब्द पुन्हा पुन्हा का?

आता त्या मुलाचा पहिला प्रश्न. 'एकत्र' या शब्दावर येऊन थांबणारे तीन तुकडे त्याच्या लक्षात राहिले. चर्चिलच्या वाक्यातही 'लढू' पुन्हा पुन्हा येतं. जपानने पर्ल हार्बरच्या अमेरिकी नाविक तळावर हल्ला केला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्ट तिथल्या संसदेसमोर बोलला तेव्हा त्यानेही तेच केलं: काल रात्री जपानी फौजांनी हाँगकाँगवर हल्ला केला, काल रात्री जपानी फौजांनी ग्वामवर हल्ला केला, काल रात्री जपानी फौजांनी फिलिपिन्सवर हल्ला केला.

या युक्तीला आवृत्ती म्हणू. ती कशी चालते ते सोलापुरात समजावणं सोपं आहे. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, एकदा लावला की तो चादर पूर्ण होईपर्यंत तोच राहतो. धोटा इकडून तिकडे जातो आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, टाकत जातो. रंग बदलतो, नक्षी उमटते, पण सगळं धरून ठेवतो तो न बदलणारा ताणा. 'काल रात्री' हा रूझवेल्टचा ताणा. हाँगकाँग, ग्वाम, फिलिपिन्स हा बाणा. ऐकणाऱ्याच्या मनाला दुसऱ्या तुकड्यापर्यंत ताणा ओळखीचा होतो, तिसऱ्याला तो वक्त्याच्या आधीच मनात म्हणून मोकळा होतो. आणि शेजारचाही त्याच क्षणी तेच म्हणत असतो. अनोळखी माणूस घरचा वाटला त्याचं अर्धं उत्तर इथे आहे: दोघांनी मनातल्या मनात एकाच वेळी एकच शब्द उच्चारला होता.

याच भाषणाची एक गोष्ट मुलांना फार आवडते. मसुद्यात रूझवेल्टने आधी म्हटलं होतं की ७ डिसेंबर ही तारीख जगाच्या इतिहासात राहील. नंतर पेनाने ते खोडून त्याने लिहिलं की ही तारीख कलंक म्हणून राहील. पहिलं वाक्य माहिती देतं, दुसरं निकाल देतं. खाडाखोड केलेला तो कागद आजही जपून ठेवलेला आहे.

आपल्या गावात मात्र शब्दांच्या नादाला एक मर्यादा पडते. इथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू बोलणारी घरं आहेत. हिंदी भाषणातलं यमक तेलुगूत सांगताना गळून जातं. पूर्व भागातल्या एखाद्या घरात मुलगा भाषण ऐकून आईला तेलुगूत सांगतो तेव्हा नाद राहत नाही. राहतं ते फक्त कुणी कुणाला काय म्हटलं आणि आता काय करायचं. म्हणून चार भाषांच्या गावात भाषणाची खरी परीक्षा होते. 'जय जवान, जय किसान' या परीक्षेत उतरलं. चारच शब्द, त्यातले दोन तेच, आणि उरलेले दोन कुठल्याही भाषेच्या माणसाला भाषांतराशिवाय कळणारे.

'आपण' आणि 'आम्ही'

चर्चिलचं वाक्य मराठीत आणताना मला एक निवड करावी लागली. इंग्रजीत 'वी' हा एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत, आणि मी 'आपण' घेतला. 'आम्ही लढू' म्हटलं असतं तर लढणारे वेगळे आणि ऐकणारे वेगळे झाले असते. तेलुगूतही ही सोय आहे: ऐकणाऱ्याला धरून 'मनं', त्याला वगळून 'मेमु'. युद्धाच्या भाषणाचा सगळा खटाटोप 'आम्ही'तून 'आपण'मध्ये जाण्याचा असतो, मग ते भाषण कुठल्याही भाषेतलं असो.

सोव्हिएत हुकूमशहा स्टालिनसारख्या माणसालाही हे करावं लागलं. २२ जून १९४१ ला जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. स्टालिन थेट ३ जुलैला रेडिओवर बोलला. ज्या माणसाला देश चळचळा कापत होता, त्याने 'कॉम्रेड' आणि 'नागरिकहो' म्हणून झाल्यावर 'भावांनो, बहिणींनो' अशी हाक मारली आणि पुढे लोकांना 'माझ्या मित्रांनो' म्हटलं. नात्याचा शब्द त्याच्या तोंडून लोकांनी क्वचितच ऐकला असेल. दरारा पुरेसा पडणार नाही, हे त्यालाही कळलं होतं.

पण नुसतं 'आपण' म्हणूनही भागत नाही. बोलणारा उभा कुठे आहे हे लोक बघतात. याचं सर्वांत बोचरं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये चिनी फौजांनी आजच्या अरुणाचल प्रदेशातलं बोमदिला घेतलं. आसाम उघडा पडला. त्या वेळी पंडित नेहरू आकाशवाणीवरून बोलले आणि म्हणाले की आसामच्या लोकांसाठी माझं मन हेलावतं आहे. शब्द सहानुभूतीचे होते. नेहरूंच्या मनात वेदना खरी होती, याबद्दल मला शंका नाही. पण आसाममध्ये ते वाक्य निरोपासारखं ऐकलं गेलं: दिल्लीने आपल्याला सोडून दिलं. आजही तिथे ते वाक्य कडवटपणे आठवलं जातं. वाक्यात 'मी' इकडे आहे आणि 'आसामचे लोक' तिकडे. मधलं अंतर वक्त्याला जाणवलं नाही, ज्यांच्यावर संकट होतं त्यांना पहिल्या क्षणी जाणवलं.

याच्या उलट टोकाला २५ फेब्रुवारी २०२२ ची संध्याकाळ. रशियाने युक्रेनवर हल्ला करून दुसरा दिवस. अध्यक्ष झेलेन्स्की पळून गेले अशी अफवा होती. त्यांनी कीव्हच्या रस्त्यावर उभं राहून मोबाइलवर जेमतेम अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला. बरोबरच्या एकेका सहकाऱ्याकडे बोट दाखवत म्हणाले: हे इथे आहेत, पंतप्रधान इथे आहेत, अध्यक्ष इथे आहेत, आमचे सैनिक इथे आहेत, आपण सगळे इथे आहोत. उपमा नाही, अलंकार नाही, आवाज चढवलेला नाही. आवृत्ती मात्र आहे: 'इथे'.

त्याच १९६२ मध्ये महाराष्ट्रात काय झालं तेही आठवण्यासारखं आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य घरोघरी झालं. हिमालय सोलापूरपासून हजार-दीड हजार किलोमीटरवर. इथल्या माणसाने तो बहुधा कॅलेंडरवर पाहिलेला. एका वाक्यामुळे त्या डोंगराशी त्याचं भावाचं नातं लागलं, आणि भावाच्या मदतीला धावणं ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

भाषणाने काम दिलं पाहिजे

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा भाग, आणि भाषणांवर लिहिणारे लोक यावरून फार लवकर पुढे जातात.

१४ मे १९४० ला ब्रिटनचा युद्धमंत्री अँथनी ईडन रेडिओवर बोलला. त्याचं एकही वाक्य कुणाच्या लक्षात नाही. त्याने सांगितलं काय? सतरा ते पासष्ट वयाच्या ज्या पुरुषांना स्थानिक संरक्षणासाठी उभं राहायचं आहे त्यांनी जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन नाव द्यावं. बस्स. काही ठिकाणी ईडनचं बोलणं संपायच्या आत माणसं ठाण्यात पोचली. काही दिवसांत नावं लाखांच्या घरात गेली. लोक काहीतरी करायला मिळावं म्हणून तळमळत होते. ईडनने फक्त दार दाखवलं.

आपल्याकडे हे काम लालबहादूर शास्त्रींनी केलं. १९६५ च्या युद्धाच्या वेळी धान्याची टंचाई होती, अमेरिकेच्या गव्हावर देश अवलंबून होता. शास्त्रीजींनी सांगितलं, आठवड्यातून एक जेवण सोडा, सोमवारी संध्याकाळचं. देशभर कितीतरी हॉटेलांनीही सोमवारी संध्याकाळी चूल बंद ठेवली. 'जय जवान, जय किसान' ही घोषणा त्यांनी ऑक्टोबर १९६५ मध्ये अलाहाबाद जिल्ह्यातल्या उरुवा इथे दिली.

माझी आजी हे सांगायची. सिद्धरामेश्वराच्या गावात सोमवार आधीच पाळला जातो. तिचा तर लग्नाआधीपासूनचा होता. त्या वर्षी काय बदललं असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, तोवर सोमवारी संध्याकाळी ती एकटी भगर आणि आमटी घेऊन बसायची आणि बाकीचे भाकरी खायचे. त्या वर्षी आजोबांनी ताट मागितलं नाही. शेजारच्या पद्मशाली घरात धूर दिसला नाही. पलीकडच्या मोमीन घरातली बाई म्हणाली, "हमें तो रोजे की आदत है, ये तो एक ही टाइम का है." वाचलेली ज्वारी आजीने एका डब्यात वेगळी ठेवली होती. त्या ज्वारीचं पुढे काय झालं ते तिलाही आठवत नव्हतं. डबा आठवत होता.

शास्त्रीजींचं आवाहन इतकं खोल का गेलं ते या डब्यात दिसतं. त्यांनी मागितलेली गोष्ट प्रत्येकाला जमणारी होती, बाईमाणसालाही, म्हाताऱ्यालाही. दर आठवड्याला ती आठवण करून देणारी होती. शेजाऱ्याने केली की नाही ते दिसत होतं. आणि उपासाची समज जवळपास सगळ्याच धर्मांत आधीपासून होती, त्यामुळे नवं काही शिकायचं नव्हतं. शिवाय मागणारा माणूस साधा राहणारा होता, त्याच्या घरी मेजवान्या झडत नाहीत हे लोकांना माहीत होतं. अॅरिस्टॉटलने सांगितलेली पत ती हीच.

पण चर्चिलचं कौतुक आपण का करायचं?

हा आक्षेप वर्गात दरवर्षी येतो आणि यायलाच हवा. गांधीजींना अर्धनग्न फकीर म्हणून हिणवणारा हा माणूस. ज्या युद्धासाठी तो इंग्रजांना 'आपण' म्हणून हाक मारत होता, त्या युद्धात हिंदुस्थानला व्हाइसरॉय लिनलिथगोने ३ सप्टेंबर १९३९ ला इथल्या एकाही लोकनियुक्त पुढाऱ्याला न विचारता ओढलं होतं. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळं बाहेर पडली.

आणि सोलापूर? गांधीजींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये इथे गोळीबार झाला, लोक उठले, इंग्रजांचा अंमल काही दिवस उडाला आणि मग मार्शल लॉ आला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. चार नावं वाचली तरी कळतं की त्या वेळच्या सोलापूरचा 'आपण' केवढा रुंद होता. अवघ्या नऊ वर्षांनी लंडनमधून आलेल्या 'आपण'मध्ये या गावाने स्वतःला कसं बसवायचं? तरी सुमारे पंचवीस लाख हिंदी सैनिक त्या युद्धात उतरले. कुणी पोटासाठी, कुणी फॅसिझमविरुद्ध, कुणी घराण्याची रीत म्हणून.

चर्चिलचं भाषण शिकायचं ते यासाठीसुद्धा. कारागिरी उत्तम आणि 'आपण' अपुरा, असं एकाच भाषणात असू शकतं. हत्याराची धार तपासताना ते कुणाच्या हातात होतं ते विसरायची गरज नाही.

"भाषणानं काय पोट भरतंय का बे?"

हा माझ्या एका मित्राचा आवडता प्रश्न. युद्ध तोफांनी, पैशांनी आणि रसदीने जिंकलं जातं, शब्दांनी नाही, असं त्याचं म्हणणं. बरंचसं खरं आहे. ४ जूनचं भाषण चर्चिलच्या आवाजात त्या दिवशी सामान्य इंग्रज माणसाने ऐकलंच नव्हतं. ते पार्लमेंटमध्ये झालं, रेडिओवर निवेदकाने त्यातले उतारे वाचले, आणि आज आपण ऐकतो ते ध्वनिमुद्रण त्याने १९४९ मध्ये केलं. लोकांच्या मनाचा अंदाज घेणाऱ्या त्या काळच्या नोंदींत असंही आहे की भाषणातल्या गंभीर सुरामुळे काही लोक उलट खचले. एका भाषणाने अख्खा देश उठून उभा राहिला, ही आठवण बरीचशी नंतर घडवलेली आहे.

शिवाय युद्धाच्या वेळी लोक नेत्याभोवती गोळा होतात ते फक्त त्याच्या बोलण्याने नव्हे. अमेरिकी अभ्यासक जॉन म्यूलर यांनी १९७० मध्ये हे मांडलं: बाहेरून संकट आलं की लोक झेंड्याभोवती गोळा होतात, नेता कसाही बोलो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत अध्यक्ष धाकट्या बुशची लोकप्रियता ५१ टक्क्यांवरून ९० वर गेली. थोरल्या बुशची १९९१ च्या आखाती युद्धानंतर ८९ टक्के होती आणि पुढच्याच वर्षी तो निवडणूक हरला. चर्चिल स्वतः जुलै १९४५ मध्ये हरला, जर्मनी शरण आल्यावर तीन महिनेही उलटले नव्हते.

मग भाषणाच्या वाट्याला काय उरतं? लोक गोळा झालेले असतात. त्यांनी पुढे काय करायचं, ते भाषण ठरवतं. नीट सांगितलं तर तीच गर्दी पोलीस ठाण्यात नाव द्यायला रांग लावते. नाही सांगितलं तर गर्दीला स्वतःचं काम सापडतं, आणि ते नेहमी चांगलं नसतं.

मग हे आणि भडकवणं यांत फरक काय?

हा सर्वांत अवघड प्रश्न. १८ फेब्रुवारी १९४३ ला, स्टालिनग्राडला जर्मन फौजेचा पराभव होऊन दोन-अडीच आठवडे झाले होते, नाझी प्रचारमंत्री गोबेल्स बर्लिनच्या एका भरलेल्या सभागृहात बोलला. त्याने एकामागून एक दहा प्रश्न विचारले आणि सभागृह दर वेळी गर्जून 'हो' म्हणालं. तुम्हाला सर्वंकष युद्ध हवं आहे का? हो. यातही आवृत्ती होती, भावना होती, 'आपण' होता. संकट मोठं आहे याची कबुलीही होती. श्रोते मात्र निवडून आणून बसवलेले होते. प्रश्न विचारला जात होता, पण 'नाही' म्हणण्याची जागा कुठेच नव्हती.

तुलनेला रूझवेल्टचं ८ डिसेंबरचं भाषण घ्या. त्यानंतर मतदान झालं. प्रतिनिधिगृहात जेनेट रँकिन या एकट्या बाईंनी युद्धाविरुद्ध मत दिलं. लोक त्यांच्यावर भयंकर चिडले, पण त्यांचं मत मोजलं गेलं. युद्धाचं भाषण ऐकल्यावर मी आधी हे बघतो: विरोधात बोललेला एक तरी माणूस दुसऱ्या दिवशी मोकळा फिरतो आहे का?

पण त्याच अमेरिकेने अडीच महिन्यांत दुसरी गोष्ट केली. रूझवेल्टच्या १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत टाकलं. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. 'आपण' उभा करताना 'ते' आपोआप उभे राहतात, आणि 'ते' म्हणजे सीमेपलीकडचं सैन्य, असं नीट सांगितलं नाही तर त्यात शेजारीही ओढला जातो. आपल्याकडेही झालं. १९६२ च्या चीन युद्धात आसाम, बंगालमधल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना रेल्वेत भरून राजस्थानात देवलीच्या छावणीत नेलं. त्यांत शाळेत जाणारी मुलं होती, कलकत्त्यात चामड्याचं काम करणारे होते, चहाच्या मळ्यांतले सुतार होते. काहींनी तिथे वर्षानुवर्षं काढली.

सोलापूरच्या माणसाला ही गोष्ट जास्त लागायला हवी, कारण चीनशी या गावाचं आधीचं एक नातं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापुरात १९१० मध्ये जन्मले. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा चीनच्या मदतीला डॉक्टर पाठवा, असं आवाहन काँग्रेसने केलं. त्याला प्रतिसाद म्हणून १९३८ मध्ये पाच डॉक्टर गेले. कोटणीस त्यांतले एक. बाकीचे परतले, ते थांबले, रणांगणामागच्या दवाखान्यांत शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तीसाव्या वर्षी, तिथेच गेले. तेही युद्धाच्या काळातलं राजकीय आवाहनच होतं. आपला देश पारतंत्र्यात असताना, मार्शल लॉचे घाव ताजे असताना, त्याने हजारो मैलांवरच्या माणसांना 'आपण'मध्ये घेतलं. अवघ्या वीस वर्षांनी देवलीला जाणाऱ्या गाडीत बसवलेली माणसं त्याच चिनी वंशाची होती.

अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा करून त्या छावण्यांबद्दल माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. देवलीत राहिलेल्यांची आणि त्यांच्या मुलांची मागणी पैशाची नाही. सरकारने चूक झाली एवढं म्हणावं, असं त्यांच्यातले अनेक जण सांगतात. यंदाच्या तुकडीला मी सह्याद्री-हिमालयाचं वाक्य, कोटणीसांची गोष्ट आणि देवलीची छावणी या तिन्ही एकाच तासाला देणार आहे. विषय एकच: सोलापूरच्या चौकात उभं राहून चार भाषांच्या लोकांसमोर तीन मिनिटं बोलायचं, आणि 'आपण' म्हणताना समोरचा एकही माणूस बाहेर ठेवायचा नाही.